आधी पोचलेली

१

दर शनिवारी सकाळी साडेनऊला भूलबाई आपलं छोटं विमान भर शहरावरून नेत असे, आणि सहा वर्षांत त्याचं नवल तिला स्वतःलाही उरलं नव्हतं.

भूलबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. ती ऑपरेशनच्या आधी भूल देणारी डॉक्टर. सर्जन मंडळींनी कधीतरी थट्टेत हे नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. वय बावन्न. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाहीस म्हणून खोदून विचारणारी माणसंही एकेक करत कमी झाली होती. धाकटा भाऊ सातासमुद्रापार. घरात ती आणि फ्रिजचा आवाज.

आई मात्र होती. शहराच्या पार दक्षिणेला एका वृद्धाश्रमात. भूलबाईचं घर उत्तरेला. रस्त्याने जायचं तर मधलं सगळं शहर ओलांडून चार तास, आणि तेही नशीब धड असेल तर. विमानाने चाळीस मिनिटं. आश्रमाच्या कुंपणाला लागूनच एक लहानसं उड्डाणमैदान होतं, म्हणून तर आईसाठी तो आश्रम निवडलेला. विमान जुनं, चार माणसांचं, पांढरं, पंख डोक्यावर. घराजवळच्या मैदानावरचा मिस्तरी म्हणायचा, "मॅडम, हे म्हातारं झालंय, पण अजून कुरकुर करतं म्हणजे जिवंत आहे. कुरकुर थांबली की घाबरायचं."

शहराच्या दोन्ही अंगांना मोठे विमानतळ. त्यांची अजस्र विमानं दर दोन मिनिटांनी वरून आडवी जात. त्यांच्या पोटाखालून छोट्या विमानांसाठी एक बोळ ठेवलेला होता. नदीच्या वरून, आठशे फुटांवर, उजवा काठ धरून, पुढचा दिवा लावून जायचं. ठरलेल्या पुलांवर आलं की रेडिओवर आपला नंबर आणि आपली जागा सांगायची. हिचा नंबर सहा-दोन-सात. कानात एका वेळी वीस-वीस माणसं बोलत असत, पण सगळी आकडे बोलत. कोणी कोणाला कसं आहे विचारत नसे. त्यातला एक नियंत्रक प्रत्येक वाक्याआधी घसा खाकरायचा. भूलबाईने मनातल्या मनात त्याचं नाव खाकरेबुवा ठेवलं होतं. त्याला कधी पाहिलेलं नव्हतं, पण एखाद्या शनिवारी तो रजेवर असला की तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

चौथ्या पुलानंतर नदी वळते. तिथे उजव्या काठावर तीन काचेचे मनोरे एकमेकांना खेटून उभे होते, तिच्या उंचीपेक्षाही वर गेलेले. त्यांच्यासमोरून जाताना मोजून पाच सेकंद तिचं विमान त्या काचांत दिसायचं. पांढरं, चिमुकलं, तिच्या बरोबरीने चाललेलं. तेवढ्यापुरती सोबत. ती दर वेळी तिकडे बघायची. कधी हात वगैरे केला नाही. तेवढी खुळी ती नव्हती.

त्या शनिवारीही बघितलं. काचेतल्या विमानाचा दिवा बंद होता.

तिने बटण पाहिलं. चालू. पुन्हा मान वळवली तोवर मनोरे संपले होते. ऊन कुठल्या कोनातून पडतं त्यावर असतं, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि पुढच्या पुलावर नंबर सांगितला. उतरल्यावर मात्र इंजिन बंद करण्याआधी खाली उतरून, पंख्यापासून लांब उभं राहून, दिवा लागलाय का ते बघून आली. लागलेला होता.

२

पुढच्या शनिवारी हवा स्वच्छ होती. वळण जवळ येताच भूलबाईने मुद्दाम नजर उजवीकडे ठेवली. उन्हाचा कोन काय तो एकदा बघून टाकावा म्हणजे प्रश्न मिटला.

तेवढ्यात कानात खाकरल्याचा आवाज आला. "सहा-दोन-सात, तुमच्या उजवीकडे विमान. तुमच्याच उंचीवर, तुमच्याच जातीचं, अगदी लागून. नजरेत आहे का?"

उजवीकडे मनोऱ्यांखेरीज काही नव्हतं. ती तसं म्हणाली.

त्याने पुन्हा घसा खाकरला. मग म्हणाला, की उंच इमारतींवरून रडारचे पडसाद येतात कधीकधी. एकाची दोन दिसतात. "आम्ही त्यांना भुतं म्हणतो," असं म्हणून तो लगेच दुसऱ्या कुणाला उंची बदलायला सांगू लागला.

त्या पाच सेकंदांत काचेतलं विमान दिसलं. या खेपेला दिवा चालू होता, पण ते विमान बरोबरीने चाललेलं नव्हतं. पुढे होतं. फार नाही, अर्ध्या विमानाएवढं. तिची चोच पहिल्या मनोऱ्याच्या कडेला लागायच्या आत ते तिथून सरकलं होतं, आणि तिसरा मनोरा तिच्या समोर होता तेव्हा त्याची शेपटी काचेच्या टोकाशी पोचली होती. मग काच संपली. शेपटी काचेबरोबर संपायला हवी होती. पण मनोऱ्याच्या कडेपलीकडे, मोकळ्या हवेत, पांढरं काहीतरी हातभर अजून पुढे गेल्यासारखं वाटलं.

वाटलं, हा शब्द भूलबाईने स्वतःशी दोनदा उच्चारला. भुलीची औषधं हाताळणाऱ्या माणसाला डोळे काय काय दाखवतात हे माहीत असतं. काचा तिरक्या बसवलेल्या असतील, वळणावर आपण विमान कललेलं ठेवतो, झालं. कारणं भरपूर होती. एकेक कारण पटण्यासारखं होतं, आणि सगळी मिळून एकही पटत नव्हतं.

३

आईची खोली दुसऱ्या मजल्यावर. एक पलंग, एक वेताची खुर्ची, भिंतीला पाठ लावलेलं कपाट, मैदानाकडे उघडणारी खिडकी, तिला जाड हिरवा पडदा. खोलीला साबणाचा आणि उकळलेल्या चहाचा वास.

आई चाळीस वर्षं शाळेत गणित शिकवत होती. तिची आठवण हळूहळू विरली, आकडे तेवढे शाबूत राहिले. तीन वर्षांपासून ती मुलीला ओळखत नव्हती. "ओ बाई" म्हणायची, "ओ बाई, जरा खिडकी लावा." भूलबाई खिडकी लावायची, नाडी बघायची, औषधांच्या पट्ट्या तपासायची, पंचवीस-तीस मिनिटं बसायची आणि हवा बिघडायच्या आत निघायची. बोलण्यासारखं काय असायचं? ओळख नसलेल्या माणसाशी बोलायचं तरी काय?

त्या दिवशी ती दारात उभी राहिली तर आईने मान वर करून म्हटलं, "परत आलीस? काही विसरलीस का?"

भूलबाईने 'आलीस' ऐकलं. तीन वर्षांत आईने तिला अहो-जाहोच केलं होतं. ती जवळ गेली, गुडघ्यावर बसली, आणि मग तिला दिसलं की आईचे केस नुकतेच विंचरलेले होते. घट्ट, सरळ वेणी. नखं कापलेली होती. कापलेल्या नखांचे तुकडे एका कागदावर नीट गोळा करून उशाशी ठेवलेले होते.

"कोणी कापली गं नखं?"

"तूच की," आई म्हणाली. "मग झोपवलंस. आकडे म्हणायला लावलेस. दहापासून उलटे. सहापर्यंत गेले मी."

दहापासून उलटे आकडे म्हणा, हे वाक्य भूलबाई दिवसातून सात-आठ वेळा म्हणत असे. पण ऑपरेशन थिएटरमध्ये. आईसमोर कधीच नाही. आई तिथे कधी आलीच नव्हती.

खाली टेबलाशी बसणाऱ्या मावशींना तिने आडून आडून विचारलं. मावशी आश्रमात बारा वर्षं होत्या आणि पेन्सिल कानाला लावून बसायच्या. "तुम्हीच ना मघाशी नेलकटर मागून नेलंत," त्या म्हणाल्या. "विमानात काही राहिलं म्हणून परत गेलात ना?" आणि त्यांनी भेटीला येणाऱ्यांची वही पुढे सरकवली.

वहीत दहा वाजून पाच मिनिटांची सही होती. भूलबाई उतरली होती दहा वाजून बारा मिनिटांनी. सही तिचीच. सर्जनची घाई असली की ती शेवटचं अक्षर अर्धवट सोडते, तसंच सोडलेलं. खाली तिने आत्ताची सही केली. दोन्ही ताडून बघितल्या. वरची अधिक निवांत होती.

४

आठवडाभर ती कामात राहिली. माणसं येत होती, झोपत होती, जागी होत होती. "दहापासून उलटे..." म्हणताना बुधवारी तिची जीभ अडखळली आणि तिने एका पेशंटला सुलटे आकडे म्हणायला सांगितले. सर्जन हसला. म्हणाला, "भूलबाई, आज तुम्हालाच भूल पडली की काय?" तीही हसली.

कोणाला सांगावं? मैदानावर सांगितलं तर वैद्यकीय तपासणी आली, आणि डोक्यात फरक पडलाय असा नुसता संशय जरी आला तरी उडायचा परवाना गेला. परवाना गेला की चार तास जायला, चार तास यायला. आठवड्याची भेट महिन्यावर जाणार, महिन्याची पुढे कशावर जाईल कोण जाणे. तिने स्वतःची शुगर बघितली, बीपी बघितलं, एका ओळखीच्या माणसाकडून डोक्याचा स्कॅनही काढून घेतला. सगळं ठणठणीत. इतका चांगला रिपोर्ट बघून कोणी इतकं खट्टू झालं नसेल.

गुरुवारी भावाचा फोन आला. भाऊ एरवी सणावारासारखा, वर्षातून दोन-तीनदाच. त्या दिवशी त्याचा आवाज भरून आला होता. म्हणाला, की आश्रमाने आईला फोन जोडून दिला होता आणि आई चक्क वीस मिनिटं बोलली. त्याला ओळखलं. त्याच्या मुलीचं वय बरोबर सांगितलं.

"ताई, हे तुझ्यामुळे झालं," तो म्हणाला. "आई म्हणत होती, ताई हल्ली दुपारपर्यंत बसते, लहानपणच्या गोष्टी सांगते. मी मेलो असतो तरी मला जमलं नसतं ते. तू तिच्याशी काय बोलतेस गं एवढं?"

भूलबाई हवेविषयी काहीतरी बोलली. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की तिला भीती वाटली होती हे खरं, पण भीतीच्या आधी, कणभर आधी, हेवा वाटला होता.

५

शनिवारी ती तासभर लवकर निघाली. ती दुसरी कोण असेल ती असो, तिच्या आधी पोचायचं.

दुसऱ्या पुलावर नंबर सांगायला तिने बटणावर अंगठा ठेवला, आणि दाबायच्या आत तिच्या कानात एका बाईचा आवाज आला. "सहा-दोन-सात, दुसरा पूल, आठशे फूट." आवाज तिचा होता. स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकला की परका वाटतो; हा परका वाटत नव्हता. फक्त जरा विसावलेला होता, रात्री पोटभर झोप झालेल्या माणसासारखा.

खाकरेबुवा म्हणाला, "आज लवकर निघालात."

"आई वाट बघते," त्या आवाजाने उत्तर दिलं.

तो हसला. सहा वर्षांत तो भूलबाईशी एकदाही हसला नव्हता. "जा मग. तुमच्यापुढे रस्ता मोकळा आहे."

तिने बटण दाबलं, आपला नंबर सांगितला. उत्तर आलं नाही. पुन्हा सांगितला. दुसऱ्या एका विमानाला वाऱ्याची दिशा सांगितली गेली, तिसऱ्याला वर चढायला सांगितलं गेलं. तिला वाटलं, दोघी एका वेळी बोललो की आवाज एकमेकांत मिसळून जातात. वळणावर तिने उजवीकडे बघितलंच नाही. समोर नजर लावून, दात आवळून ती गेली.

आई जागी होती, पण डोळे जड. वेणी घातलेली. गालावर उशीच्या शिवणीचा वण.

"तीनपर्यंत गेले," ती म्हणाली, परीक्षेतले मार्क सांगावेत तशी. "मध्ये काही नसतं गं तिथे. छान असतं. पुढच्या वेळी शेवटपर्यंत नेते म्हणालीस."

भूलबाईने आईचे दोन्ही दंड तपासले, हाताच्या शिरा तपासल्या, मानेवर, पायाच्या बोटांमध्ये बघितलं. सुईची खूण कुठेही नव्हती. मग ती खाली आली आणि मावशींना तिने बजावून सांगितलं, की यापुढे मी आल्याशिवाय शनिवारी कोणालाही वर सोडायचं नाही. कोणालाही.

मावशींनी कानाची पेन्सिल काढली. लिहून घेऊ लागल्या, मग थांबल्या. "म्हणजे," त्यांनी जपून विचारलं, "तुम्हालासुद्धा नाही का?"

६

त्या आठवड्यात तिने एक गोष्ट ठरवली, आणि ती ठरवल्यावर तिला पहिल्यांदा शांत झोप लागली. आपण गेलोच नाही तर? ते काय असेल ते आपल्या विमानाबरोबर जातं. आपलं विमान काचेसमोर आलं नाही तर काचेत येईल कोण? साधं गणित. आईलाही पटलं असतं.

शनिवारी ती घरीच राहिली. कपडे वाळत घातले. चहा केला, तो निवला. नऊ वाजले, साडेनऊ झाले. आकाशात एखादं विमान घरघरलं की हातातलं काम थांबायचं. दहाला तिने आश्रमात फोन लावला. आज जमत नाही एवढंच सांगायचं होतं.

मावशींनी तिचा आवाज ओळखला आणि त्या हसू लागल्या. "अहो, वरून फोन कशाला करताय? हाक मारायची की."

"मी घरी आहे," भूलबाई म्हणाली.

"घरी कशा? आत्ता तर माझ्यासमोरून जिना चढून गेलात." मावशींचा आवाज जरा उतरला. मग त्यांना वाटलं असावं की ही कुणी दुसरीच नातेवाईक आहे, कारण त्या एकदम अदबीने बोलू लागल्या. "थांबा हं, त्यांनाच देते फोन."

ती नको म्हणेपर्यंत रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला. लांब कुठेतरी पावलं. कुठेतरी दार. मग रिसीव्हर उचलला गेला. पलीकडून कोणी बोललं नाही. कोणीतरी ऐकत होतं, एवढं समजत होतं. भूलबाईला विचारायचं होतं, तू कोण. पण तो प्रश्न आपण विचारायचा की आपल्याला विचारला जायचा, हेच तिला उमगेना. थोड्या वेळाने पलीकडून फोन हलकेच खाली ठेवला गेला, झोपलेल्या माणसाच्या खोलीत ठेवतात तसा.

घरापासून मैदान दहा मिनिटांवर. विमान जागेवरच होतं, दोर बांधलेले, गेल्या शनिवारी ठेवलं होतं तसं. मिस्तरी कुठे दिसला नाही. तिने दोर सोडले, नेहमीच्या तपासण्या निम्म्याच केल्या, आणि उडाली.

आकाश त्या दिवशी खच्चून भरलेलं होतं. मोठी विमानं एकामागे एक, पोटं दाखवत आडवी जात होती. बोळातही पुढेमागे चार-पाच छोटी. तिने पहिल्या पुलावर नंबर सांगितला, दुसऱ्यावर, तिसऱ्यावर. कोणी उत्तर दिलं नाही. समोरून एक निळं विमान नदीच्या या बाजूला सरकत आलं, थेट तिच्या रोखाने. एवढ्या जवळून समोरचा वैमानिक दिसतो. तिला त्याचा काळा चष्मा दिसला. त्याची मान तिच्याकडे होती आणि तो जराही बाजूला झाला नाही. शेवटच्या क्षणी तिने विमान खाली दाबलं. ते तिच्या डोक्यावरून गेलं. कानात खाकरेबुवा कुणाला तरी सांगत होता, की आज बोळात गर्दी आहे, डोळे उघडे ठेवा.

मग वळण आलं, आणि तिने उजवीकडे बघितलं. बघायचं नव्हतं, पण बघितलं.

पहिल्या मनोऱ्यात नदी दिसत होती, पूल दिसत होता, पुलावरच्या गाड्या दिसत होत्या. दुसऱ्यात ढगाचा एक तुकडा. तिसऱ्यात पलीकडच्या काठावरच्या इमारती, त्यांच्या खिडक्या, गच्चीवरची पाण्याची टाकी. पाच सेकंद तिने स्वतःला शोधलं. काच अगदी स्वच्छ होती. तिच्यात सगळं शहर होतं.

७

आश्रमाजवळच्या मैदानावर तिच्या नेहमीच्या जागेवर एक पांढरं विमान उभं होतं. ती शेजारी जाऊन थांबली. उतरल्यावर तिने त्याच्या इंजिनवर हात ठेवला. कोमट होतं. त्याचा नंबर तिने वाचला नाही. धावतच कुंपणाच्या फाटकातून आत गेली.

मावशी टेबलाशी होत्या, पेन्सिल कानाला. भूलबाई समोरून गेली तेव्हा त्यांनी अंगावर काटा आल्यासारखे हात चोळले आणि खिडकी लावायला उठल्या. वर बघितलं नाही.

दुसऱ्या मजल्यावर दुपारच्या आधीची शांतता. आईच्या खोलीचं दार बंद. आतून आईचा आवाज येत होता. कित्येक वर्षांत असा आला नव्हता. खणखणीत, वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

"चार," आई म्हणाली. बराच वेळ काही नाही. "तीन."

भूलबाईच्या हाताला दाराची मूठ लागेना. लागली तर फिरेना.

"दोन."

दार उघडलं. हिरवा पडदा ओढलेला होता, खोली पाण्याखाली असावी तशी. आई वेताच्या खुर्चीत ताठ बसली होती. खुर्चीची पाठ कोपऱ्याकडे, जिथे कपाट आणि भिंत यांच्यामध्ये माणूसभर जागा आहे, आणि तिथे पडद्याची सावली सगळ्यात दाट होती. आईची वेणी अर्धी झालेली होती. उरलेले तीन पेड तिच्या डोक्यामागे ताणलेले होते, सैल पडलेले नव्हते. कोणीतरी धरून ठेवावेत तसे.

आईने भूलबाईकडे बघितलं. डोळ्यांतला गढूळपणा हळूहळू तळाशी बसला, आणि तिने मुलीला घरातल्या नावाने हाक मारली, फक्त आई-वडीलच ज्या नावाने बोलवायचे त्या नावाने.

"तू आलीस होय," आई म्हणाली. "मग मघापासून माझ्यामागे उभी आहे ती कोण?"

भूलबाईने खुर्चीच्या मागे नजर नेली नाही. नेली असती तर काय झालं असतं हे तिने पुढे कधी ठरवलं नाही. ती आईसमोर जमिनीवर बसली आणि आईचे दोन्ही हात तिने आपल्या हातांत घेतले. हात गार होते, पण पकड घट्ट होती.

"आई, माझ्याकडे बघ."

"एक म्हणायचं राहिलंय गं."

"नको म्हणूस."

आई विचारात पडली. आयुष्यभर तिने एकही उदाहरण अर्धवट सोडलं नव्हतं. तिची नजर मुलीच्या चेहऱ्यावरून फिरत राहिली, कपाळ, भुवया, हनुवटी, पडताळून बघावं तशी. भूलबाई बोलू लागली. काय बोलावं हे तिला कधीच सुचलं नव्हतं, आता सुचायची वाट तिने बघितली नाही. शाळेच्या जिन्यावर पडून दात तुटला होता ते सांगितलं. पाढे चुकले म्हणून आईने मारलं आणि मग रात्री स्वतःच रडत बसली होती ते सांगितलं. सहा वर्षं इथे येऊन मी नुसती नाडी मोजून जात होते, असंही सांगितलं. खुर्चीच्या मागे ताणलेले पेड हळूच सुटले आणि आईच्या खांद्यावर पडले.

"बरं," आई शेवटी म्हणाली. "तू म्हणतेस तर नाही म्हणत." तिने पापण्या मिटल्या, आणि तिची मान मुलीच्या खांद्यावर आली.

भूलबाईने तीस वर्षं झोपलेल्या माणसांचे श्वास ऐकले होते. अंधारात नुसत्या श्वासावरून ती माणूस ओळखू शकत असे. आईचा श्वास साध्या झोपेचा होता, वर जाणारा, खाली येणारा, काळजीचं काही नाही. तिने तो दहा वेळा मोजला. आणखी काही ऐकू येतं का म्हणून कान दिला. स्वतःचा श्वास ती कान दिल्यापासून छातीत कोंडून बसली होती. आता सोडायला हरकत नव्हती. तिने ओठ विलग केले.

तो श्वास तिच्या छातीतून निघायच्या आतच, खुर्चीच्या मागे कोणीतरी सावकाश सोडला.